घाटाआधीचे ब्रेक

१८ नोव्हेंबर १९५६, रविवार

सकाळी विद्याधरांनी गाडी बाहेर काढताना डावा मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासला. मी पायरीवरच उभी होते.

"ब्रेक लागला नाही," म्हणाले.

"खांब आपण पार्ल्यात आल्यापासून तिथेच आहे," मी म्हटलं.

पण ब्रेकचं खरं निघालं. गाडी उभी असते तिथे मागच्या चाकांखाली ओल होती. बोट लावून पाहिलं तर पातळ, बुळबुळीत तेल. पॅडलवर पाय ठेवला तर तळापर्यंत गेलं. विद्याधर म्हणाले, मागच्या चाकांचे सिलिंडर गळताहेत. चाकामागे लोखंडी ड्रम असतो, त्याच्या पोटात बोटभर लांबीचा सिलिंडर. पॅडल दाबलं की तेल त्यात शिरतं, आतले दोन दट्टे बाहेर ढकलतं, दट्टे पट्ट्यांना ढकलतात, पट्ट्या ड्रमला आतून घट्ट बसतात आणि चाक थांबतं.

"म्हणजे पास्कलचा नियम," मी म्हटलं.

"बी.एस्सी. वाया गेलं नाही तुझं!"

ही दोन माणसांची उघडी गाडी त्यांनी सत्तेचाळीस साली परत जाणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून घेतली. तेव्हाही ती म्हातारीच होती. रेल्वेतला सिग्नल खात्याचा अधिकारी आणि असली उंडारणारी गाडी, हे मला कधीच पटलं नाही. आता सोळा डिसेंबरला पुण्यात उत्तराच्या नव्या घराची वास्तुशांत आहे, तर लेकीकडे याच गाडीने जायचं म्हणतात. बोरघाटातून. "एकदाच. पुन्हा नाही म्हणणार," असंही म्हणाले. हट्टी माणसं सगळ्याच गोष्टी एकदाच मागतात.

मी स्पष्ट सांगितलं, ब्रेक नीट झाल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही.

"मग तूच कर नीट. मी सांगतो, तू कर."

मला टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता.

२० नोव्हेंबर

केनेडी ब्रिजजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. एकटीच. विद्याधर हल्ली दादरच्या पलीकडे येत नाहीत, गलका सोसत नाही म्हणे. दुकानदार चष्म्यावरून पाहत राहिला. म्हणाला, "बाई, सुवेझ बंद आहे. माल आफ्रिकेला वळसा घालून येणार. तुमचे साहेब कुठे आहेत?"

मी म्हटलं, "साहेब घरी आहेत आणि सिलिंडर तुमच्या माळ्यावर आहेत का ते बघा. जुना माल चालेल, वापरलेला नाही चालणार." बघतो म्हणाला. अशा माणसांना मी शाळेत शिकवत असताना खूप पाहिलं आहे. दोनदा विचारलं की बघतात.

२२ नोव्हेंबर

शेजारच्या दत्तारामकडून जॅक आणला. हा अंधेरी डेपोत बस चालवतो, मालवणचा. जॅक देताना म्हणाला, "व्हरा बाई, पण धुवन परत देव नकात. मागच्या खेपेक धुतल्यात, तर माकां वळखूक येवक नाय."

पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचं चाक उचललं, तांब्याच्या हातोडीने चाकाला धरून ठेवणारी मधली टोपी ठोकून सैल केली. चाक निघालं. ड्रम निघता निघेना. मी पदर खोचून बसले आणि कडेकडेने ठोकत राहिले, तेव्हा सुटला. आत काय घाण! तेल आणि धूळ यांचा चिखल, पट्ट्या चिंब.

विद्याधर स्टुलावर बसून सांगत होते. कंबर धरते म्हणून वाकत नाहीत, आणि "तुझी बोटं बारीक आहेत" ही पुस्ती. सांगतात मात्र बिनचूक. स्प्रिंग आधी कुठून काढायची, पाइप कुठल्या पान्याने सोडवायचा. काढलेली प्रत्येक वस्तू मात्र हातात मागतात आणि चाचपत बसतात. सिलिंडरच्या आत करंगळी फिरवून म्हणाले, "गंज चढलाय. खड्डे लागताहेत. दट्ट्याचं रबर यावर टिकायचं नाही." मी प्रकाशात धरून पाहिलं. खरंच खड्डे होते. पण प्रकाशात धरायला काय हरकत होती? निवृत्तीनंतर माणसांना नाही नाही त्या खोडी लागतात.

नट मी एका वाटीत ठेवले होते, त्यांच्या डाव्या हाताशी. उठताना त्यांनी ती लाथाडली. सगळे नट मातीत. मी अर्धा तास गुडघ्यांवर.

"वाटी दिसत नाही का?"

"तू कुठेही ठेवतेस," म्हणाले.

कुठेही! मी!

२५ नोव्हेंबर

स्टेशनकडून भाजी घेऊन आम्ही दोघं परत येताना ओळखीच्या पद्मजा सरदेसाई भेटल्या. त्यांनी वळून, थांबून विद्याधरांना नमस्कार केला. हे सरळ पुढे. मला शरमेने मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "विचारात होतो."

मुदतीच्या दोन वर्षं आधी नोकरी सोडली तेव्हाही असंच. "कंटाळा आला," एवढंच. तीस वर्षं सिग्नलचे दिवे तपासणाऱ्या माणसाला एका सकाळी कंटाळा येतो आणि तो कागद देऊन घरी येतो. मी तेव्हा पुष्कळ बोलले होते.

रात्रीच्या जेवणात मीठ मागितलं. ताटातच वाढलेलं होतं, डावीकडे. मी काही न बोलता बोटाने दाखवलं. तरीही दुसऱ्यांदा मागितलं. मग मी बोलले.

२९ नोव्हेंबर

माळ्यावर सिलिंडर सापडले. दोन्ही, कागदात गुंडाळलेले, कोरे. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही परत येणार हे मला माहीत होतं." मी म्हटलं, मलाही.

आज दोन्ही बसवले. माझ्या हाताला आता वळण आलं आहे. रबरी टोप्या ब्रेकच्याच तेलात बुडवून घालायच्या, रॉकेल अजिबात लावायचं नाही, कारण खनिज तेलाने हे रबर फुगतं. स्प्रिंग चढवताना एकदा निसटली आणि माझ्या अंगठ्याची साल गेली. विद्याधर चटकन म्हणाले, "रक्त आलं का?" अगदी समोर होते, रक्त टपटपत होतं, आणि विचारतात आलं का! मी म्हटलं, "नाही, कुंकू सांडलं." तर उठून आयोडीन आणायला गेले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. मग आम्ही दोघांनीही आयोडीन लावलं.

खूप दिवसांनी हसलो. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही एखादं काम मिळून करतो आहोत. ते ऑफिसात, मी शाळेत, मध्ये उत्तरा. संध्याकाळी हिशेबाने चहा. आता दिवसभर "पाना दे", "हा नाही, त्याच्याखालचा". मला हे आवडतं असं मी त्यांना सांगणार नाही. डोक्यावर बसतील.

२ डिसेंबर

आज पाइपांतली हवा काढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात. एक जण पॅडलवर, एक जण चाकाशी. सिलिंडरमागचा बारीक स्क्रू सैल करायचा, त्याला रबरी नळी, नळीचं टोक तेलाच्या बाटलीत. पॅडल दाबलं की बाटलीत बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की हवा संपली. दोघांनी एकमेकांचं ऐकलं नाही तर हवा परत आत शिरते.

"दाबा."

"दाबला."

"धरा. सोडा."

झकास चाललं होतं. मध्ये ब्रेकच्या टाकीतलं तेल कमी झालं, म्हणून ते उतरले आणि फळीवरचा डबा घेऊन ओतायला लागले. वास आला तशी मी ओरडतच उठले. ब्रेकच्या तेलाऐवजी एंजिनचं तेल! काळंभोर, जाड. सुदैवाने पॅडल दाबलं नव्हतं, तेल टाकीतच होतं.

"डबा बघून ओतता येत नाही?"

"मी डब्याच्या जागेवरूनच घेतला!"

"दिवाळीत मी फळी आवरली. उंचीप्रमाणे लावलेत सगळे."

"मग मला सांगायचंस ना!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की दत्तारामची बायको कुंपणाशी आली. तीस वर्षांत ते माझ्यावर असे ओरडलेले नाहीत.

मी शांतपणे म्हटलं, "अहो, एक डबा लाल आहे आणि एक पिवळा. वर तळहाताएवढी अक्षरं आहेत. सांगायचं काय त्यात?"

डबा खाली ठेवला आणि घरात निघून गेले. चूक दाखवली की पुरुषांना राग येतो, हे मला माहीत आहे. पण ते रागावल्यासारखे दिसत नव्हते. घाबरल्यासारखे दिसत होते. रबर नासलं असतं, घाटात ब्रेक गेला असता, म्हणून असेल.

मी एकटीने टाकी उपसली, स्पिरिटने धुतली.

३ डिसेंबर

फळी पहिल्यासारखी लावली. का ते मला नीट सांगता येणार नाही. माझी मांडणी जास्त चांगली होती. त्यांनी सकाळी हात लांब केला, डबा मिळाला. मग चहा स्वतः करून आणला.

हवा काढून झाली. पॅडल आता दगडासारखं घट्ट आहे. जॅक परत करायला गेले (धुऊन), तेव्हा दत्ताराम गाडी पाहायला आला. पॅडल दाबून पाहिलं, चाक फिरवून पाहिलं.

"ब्रेक झकास झालो बाई." मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "पण सायबांका गाडी चलवूक देव नकात."

"का म्हणून?"

"काय नाय. असाच सांगतंय."

दिवसभर बस चालवणाऱ्याला दुसऱ्या कुणी चांगली गाडी चालवलेली बघवत नाही. मी म्हटलं, "साहेब तुमच्या आधीपासून चालवताहेत." मान हलवून गेला. मी हे विद्याधरांना सांगितलं नाही. उगाच शेजारात वितुष्ट नको.

६ डिसेंबर

रोज म्हणते, गाडी चालवून पाहू. रोज काहीतरी निघतं. काल कंबर, आज ऊन. घाटाची घाई करणारा माणूस जुहूपर्यंत जायला चालढकल करतो. सायंकाळी जाऊ म्हटलं तर, "संध्याकाळी नको, सकाळी." सकाळी म्हणे, "उद्या." उत्तराचं पत्र आलं आहे, आगगाडीने या ना, बाबांना त्रास नको. मी तिला लिहिलं, ब्रेक मी स्वतः बसवले आहेत, काळजीचं कारण नाही.

८ डिसेंबर, शनिवार

मी गाडीत जाऊन बसले आणि म्हटलं, चला. त्यामुळे त्यांना यावंच लागलं.

जुहूच्या विमानतळाकडचा रस्ता धरला. ऊन कलत होतं, रस्ता मोकळा. गाडी छान पळत होती. दोनदा ब्रेक लावला, दोन्हीदा गाडी जागच्या जागी. मला अभिमान वाटला, लिहायला हरकत नाही. विद्याधर रस्त्याच्या अगदी मधून चालवत होते आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी झाली होती.

डावीकडच्या पायवाटेवरून एक कोळीण आली. डोक्यावर पाटी. मी तिला केव्हाची पाहत होते. वाटलं, त्यांनीही पाहिलं असणार, आता वेग कमी करतील. ती रस्त्यावर आली, तरी यांची नजर सरळच. त्यांनी वेग कमी केलाच नाही.

"ब्रेक!" मी किंचाळले.

त्यांनी पाहिलं नाही, नुसता पाय दाबला. गाडी करकचून थांबली. बंपर आणि तिचं लुगडं यांत वीतभर अंतर उरलं. पाटी पडली, बोंबील रस्ताभर.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डोले फुटले काय रं तुजं? येवरी मोठी बाय दिसली नाय?"

मी उतरले. तिची माफी मागितली, बोंबील गोळा करून पाटीत भरले, पाटी उचलून डोक्यावर दिली. ती जाताना माझ्याकडे बघून थोडी नरमली. "म्हातारा हाय गो तुजा. घरान् बसव त्याला."

परत आले तर विद्याधर तसेच बसले होते, पाय अजून पॅडलवर दाबलेला.

"सोडा आता," मी म्हटलं.

"ती कुठून आली?"

"डावीकडून."

पाय उचलत म्हणाले, "डावीकडे मला काहीच नाही, वनू. उजवीकडेही थोडंच. समोर एक खिडकी आहे, तेवढीच. आणि दिवस कलला की तीही नाही."

मी म्हटलं, "सरका."

"तुला कुठे येतं चालवायला?"

"तुम्हाला तरी कुठे येतंय आता? सरका."

ते डावीकडे आले, मी स्टिअरिंगशी बसले. पॅडल मला माहीत होतं, त्याच्या टोकाचा प्रत्येक स्क्रू मी हातांनी बसवला आहे. बाकीचं ते सांगत होते. क्लच कधी दाबायचा ते एंजिनच्या आवाजावरून, डोळे मिटून. मी दाबलं की गिअरचा मधला दांडा तेच हाताने टाकायचे. "आता. सोड. हळू, हळू. शाबास." तीनदा बंद पडली. चौथ्यांदा चालली. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि मागे वळून हसला. अंधार पडायच्या आत पार्ल्यात आलो. फाटकातून आत घेताना डावीकडचा खांब मी नीट पाहिला.

९ डिसेंबर

काल त्यांना सगळं सांगायला लावलं. नोकरी कंटाळ्याने सोडलेली नव्हती. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, आणि लाल-हिरव्या दिव्यांच्या खात्यात हे कुणाला कळायच्या आत आपणच कागद दिला. मला का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाले, "तू लगेच काहीतरी केलं असतंस. मला थोडे दिवस कुणी काही करायला नको होतं."

"आणि घाट?"

"एकदा स्वतः बघत उतरायचा होता. अजून खिडकी आहे तोवर."

"मला शेजारी बसवून?"

मग म्हणाले, "म्हणून तर ब्रेक तुझ्याकडून करून घेतले. तू केलंस की कच्चं राहत नाही. मला वाटलं, ब्रेक चांगले असले की बाकीचं निभेल."

मी रागावले. खूप बोलले, ते सगळं इथे लिहीत नाही. मग मागच्या महिन्याची पानं वाचली. खांब, वाटी, मीठ, सरदेसाई, डबा. सगळं मीच लिहिलेलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने निरीक्षणं अचूक नोंदवली आणि निष्कर्ष प्रत्येक वेळी चुकीचा काढला. विद्यार्थिनीला मी शून्य दिलं असतं.

दत्तारामकडे गेले. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, दिवाळीआधी साहेब त्याच्या बसपुढे चालत आले होते, भोंगा ऐकून थांबले. "तुमका कसा सांगाचा, बाई? तुमचो धाक वाटता."

१२ डिसेंबर

गिरगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही. उरलं आहे ते थेंबांनी बरेच दिवस टिकेल, पण नेमाने घातले तर. "घालणार कोण?" डॉक्टरांनी विचारलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

थेंब घालताना ते लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटतात. मी ओरडते. मग आपल्या बोटांनी पापणी उघडते. इतक्या जवळून त्यांचे डोळे मी कधी पाहिले नव्हते. तपकिरी आहेत. मी आजवर काळे समजत होते.

१५ डिसेंबर

उद्या पहाटेच्या गाडीने पुणे. आगगाडीने. आमटीच्या मसाल्याचा डबा आणि उत्तराला साडी घेतली आहे. पद्मजाबाईंकडे जाऊन आले, आणि त्या दिवशी नमस्कार न केल्याचं खरं कारण सांगितलं. विद्याधरांना आधी विचारलं होतं. "सांग," म्हणाले, "पण दया करू नका म्हणावं." पद्मजाबाई म्हणाल्या, आता मी समोर येऊन नमस्कार करीन.

संध्याकाळी ते गाडीपाशी उभे होते, हात बॉनेटवर.

"विकायची का?" म्हणाले.

"कशाला? ब्रेक नवे आहेत. परत आलो की दत्ताराम मला शिकवणार आहे. लायसन्स मिळालं की घाटातून मीच नेईन."

"तोवर माझी खिडकी राहिली नाही तर?"

"तर मी सांगेन काय दिसतंय ते. दरी केवढी, धबधबा कुठे, सगळं."

"तू नीट सांगशील?"

"मी नीटच सांगते. तुम्ही मध्ये बोलू नका म्हणजे झालं."